एका जागेवर तिघे: बेसबॉल संघाची फेरमांडणी कशी करावी

कोल्हापुरात बेसबॉलचा महाविद्यालयीन संघ उभा करताना मुले कमी पडतात असे सहसा होत नाही. अडचण होते ती एकाच जागेवर दाटी झाल्याची. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली, पेठेत फुटबॉल खेळून पाय तयार झालेली, नाहीतर गावाकडच्या क्रिकेटमध्ये चेंडू लांबवर टोलवायची सवय लागलेली मुले एकत्र येतात आणि निवड चाचणीच्या दिवशी कोण कुठे खेळतो असे विचारले, की निम्मी मुले फर्स्ट बेस (धावणाऱ्याचा पहिला थांबा) किंवा शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) हेच उत्तर देतात. मग फर्स्ट बेसला तिघे, शॉर्टस्टॉपला तिघे, सेंटर फील्डला (मैदानाच्या दूरच्या भागात मध्यभागी) कोणीच नाही, थर्ड बेसचा खेळाडू गेल्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेला आणि कॅचर (फलंदाजाच्या मागे बसून चेंडू घेणारा) एकुलता एक, असे चित्र तयार होते. अशा वेळी एखादा चांगला फलंदाज बाकावर बसून राहतो, किंवा जिथे जागा रिकामी दिसेल तिथे त्याला नुसते उभे केले जाते. दोन्हींत संघाचे नुकसान आहे. खाली दिलेली पद्धत अशा संघासाठी आहे आणि तिची सुरुवात फलंदाजीच्या क्रमापासून होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिले काम कागदावरचे. एका मोठ्या कागदावर उभे-आडवे रकाने आखावेत. डावीकडे सर्व खेळाडूंची नावे आणि वर नऊ जागा, त्यांच्या रूढ क्रमांकांनुसार: १ पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा), २ कॅचर, ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड बेस, ५ थर्ड बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट फील्ड, ८ सेंटर फील्ड, ९ राइट फील्ड. प्रत्येक रकान्यात तीनपैकी एक खूण करावी: सामन्यात पहिल्या डावापासून खेळू शकतो, अडीअडचणीला दोन-तीन इनिंग सांभाळू शकतो, किंवा नको. खेळाडूला विचारून हा तक्ता भरू नये, कारण प्रत्येकाला आपली जुनी जागा सोडून बाकी सगळीकडे 'नको' लिहायचे असते. तक्ता भरायचा तो मैदानावर पाहून.

पाहायचे काय, तर प्रामुख्याने हात, पाय आणि ग्लव्ह. दोन बेसमधले अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर असते आणि होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथपासून, सेकंड बेसपर्यंतचे अंतर सुमारे ३८.८ मीटर. थर्ड बेसच्या मागच्या बाजूला उभे करून प्रत्येकाला फर्स्ट बेसकडे दहा थ्रो करायला लावावेत. चेंडू सरळ रेषेत, छातीच्या उंचीवर पोचतो, की वर जाऊन तरंगत येतो, हे पाहिले म्हणजे थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉपचे निम्मे दावेदार आपोआप गळतात. होम प्लेटपासून फर्स्ट बेसपर्यंत धावायला लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्या अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूला साधारण ४.३ सेकंद लागतात. आपल्याला त्या आकड्याशी स्पर्धा करायची नाही, आपल्या मुलांमध्ये कोण कोणाच्या पुढे आहे एवढेच हवे आहे. ग्लव्हची परीक्षा मात्र घड्याळाने होत नाही. त्यासाठी प्रत्येकाला खडबडीत जागेवर वीसेक ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू, घ्यायला लावावेत आणि किती चेंडू अडले यापेक्षा चेंडू उसळला तेव्हा त्याने मान फिरवली का, याची नोंद करावी.

आणखी एक गोष्ट तक्त्यात वेगळ्या शाईने लिहावी: कोण कोणत्या हाताने फेकतो. आपल्याकडे इथे हमखास गोंधळ होतो. क्रिकेटमध्ये डावखुरा म्हटले की फलंदाजी डोळ्यांसमोर येते, आणि सौरव गांगुलीप्रमाणे डावखुरी फलंदाजी करून उजव्या हाताने गोलंदाजी करणारे खेळाडू आपल्याकडे भरपूर असतात. बेसबॉलच्या मांडणीत मात्र बॅटिंगच्या बाजूपेक्षा फेकण्याचा हात आधी विचारात घ्यावा लागतो. डाव्या हाताने फेकणाऱ्या खेळाडूला सेकंड, थर्ड आणि शॉर्टस्टॉप या तिन्ही जागा व्यवहारात बंद असतात, कारण चेंडू उचलल्यावर फर्स्ट बेसकडे फेकण्यासाठी त्याला अंग पूर्ण वळवावे लागते आणि त्या अर्ध्या सेकंदात धावणारा बेसवर पोचतो. कॅचर म्हणूनही डावखुरा जवळजवळ कधी दिसत नाही. त्याच्यासाठी उरतात फर्स्ट बेस, आउटफील्डच्या, म्हणजे बेसच्या पलीकडच्या भागातल्या, तीन जागा आणि पिचरचा माउंड (तो चेंडू टाकतो तो उंचवटा). फर्स्ट बेसवर मात्र त्याची अडचण न होता सोयच होते. ग्लव्ह उजव्या हातात असल्यामुळे तो सेकंड बेसकडच्या मोकळ्या भागात सहज पोचतो आणि सेकंडकडे फेकताना त्याला वळावे लागत नाही.

तक्ता भरून झाला की सर्वांत महत्त्वाचा टप्पा येतो. एका जागेवर तिघे असतील तर आपले मन लगेच विचारते, 'तिघांत चांगला कोण?' आणि जो चांगला त्याला ती जागा देऊन बाकीच्या दोघांना इकडेतिकडे पाठवले जाते. बरीचशी बिघडलेली मांडणी या एका प्रश्नातून जन्माला येते. विचारायचा प्रश्न असा, की तिघांपैकी कोणाला दुसरी जागा अजिबात नाही? ज्याच्या ओळीत एकच खूण आहे, त्याची जागा आधी पक्की करावी, आणि ज्याच्या ओळीत चार-पाच खुणा आहेत त्याला सगळ्यांत शेवटी हात लावावा, मग तो संघातला सर्वोत्तम खेळाडू का असेना. तुलना दोन खेळाडूंची करू नये. दोन पूर्ण मांडण्यांची करावी.

अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, या विचाराची दोन उदाहरणे ठळक आहेत. २००४ च्या हंगामाआधी न्यूयॉर्क यांकीज संघाने अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जला घेतले, तेव्हा तो शॉर्टस्टॉप होता आणि त्या जागेवरच्या क्षेत्ररक्षणासाठी त्याला आधीच्या दोन्ही वर्षी, २००२ आणि २००३ मध्ये, गोल्ड ग्लव्ह हा पुरस्कार मिळालेला होता. यांकीजकडे शॉर्टस्टॉपला डेरेक जेटर होता. क्षेत्ररक्षणात रॉड्रिग्ज सरस आहे असे अनेक जाणकारांचे मत असूनही थर्ड बेसला गेला तो रॉड्रिग्जच, आणि जेटर जागेवर राहिला. दुसरे उदाहरण आपल्या विषयाला अधिक चिकटून आहे. जानेवारी २०१२ मध्ये डेट्रॉईट टायगर्सने प्रिन्स फील्डर हा फर्स्ट बेसमन घेतला, आणि त्यांचा फर्स्ट बेसमन मिगेल कॅब्रेरा तर संघाचा मुख्य फलंदाज होता. फील्डरला फर्स्ट बेसशिवाय क्षेत्ररक्षणाची दुसरी जागा नव्हती. कॅब्रेरा पूर्वी थर्ड बेसला खेळलेला होता, म्हणून तो तिकडे गेला. त्या हंगामात त्याने .३३० सरासरी, ४४ होम रन (एका फटक्यात सगळे बेस पूर्ण) आणि १३९ आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा) अशी कामगिरी करून ट्रिपल क्राउन, म्हणजे या तिन्हींत पहिला क्रमांक, मिळवला, जो १९६७ नंतर कोणालाही मिळाला नव्हता, आणि टायगर्स वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत, पोचले. या बदलाची किंमत त्यांनी मोजली नाही असे नाही. मार्च २०१२ मधल्या एका सराव सामन्यात थर्ड बेसवर खेळताना वाईट उसळलेला ग्राउंडर कॅब्रेराच्या उजव्या डोळ्याखाली लागला आणि हाडाला तडा गेला. नोव्हेंबर २०१३ मध्ये फील्डर दुसऱ्या संघात गेल्यावर टायगर्सनी कॅब्रेराला २०१४ पासून परत फर्स्ट बेसला आणले. दाटी संपली की खेळाडूला त्याच्या सोयीच्या जागेवर परत न्यावे, हेही या उदाहरणातून घ्यावे.

जागा भरण्याचा क्रमही ठरलेला असावा. अवघड जागांवरून सोप्या जागांकडे खेळाडू सरकवता येतो, उलट दिशेने क्वचितच. कॅचर आणि शॉर्टस्टॉप सर्वांत अवघड, त्यानंतर सेंटर फील्ड, मग सेकंड आणि थर्ड, पुढे राइट आणि लेफ्ट फील्ड आणि सर्वांत शेवटी फर्स्ट बेस, असा ढोबळ क्रम मानला जातो. चांगला शॉर्टस्टॉप महिन्याभराच्या सरावाने सेकंड बेसला उभा राहतो. फर्स्ट बेसवर वाढलेला खेळाडू शॉर्टस्टॉपला वर्षभरातही तयार होईल याची खात्री नसते. म्हणून होम प्लेटपासून सेंटर फील्डपर्यंतची मधली रेषा आधी भरावी: कॅचर, पिचर, शॉर्टस्टॉप, सेकंड बेस, सेंटर फील्ड. कडेच्या जागा नंतर.

इथे कोल्हापूरच्या परिस्थितीचा एक फरक लक्षात घ्यावा लागतो, जो अमेरिकेतल्या पुस्तकी सल्ल्यात सापडत नाही. महाविद्यालयाचे मैदान क्रिकेट, फुटबॉल, हँडबॉल आणि बेसबॉल या सगळ्यांचे सामाईक असते. आउटफील्डला कुंपण नसते, आणि इनफील्डची, म्हणजे बेसच्या आतल्या भागाची, जमीन क्रिकेटच्या खेळपट्टीजवळ टणक, तर चार पावले पुढे भुसभुशीत असते. कुंपण नसल्यामुळे दोन आउटफील्डरांच्या मधून गेलेला चेंडू थेट दूरच्या कट्ट्याशी जाऊन थांबतो आणि ज्या फटक्यावर दोन बेस मिळायला हवेत त्यावर फलंदाज होम रन पूर्ण करतो. त्यामुळे 'हात बरा आहे, पाय मंद आहेत, टाका लेफ्टला' हा सल्ला आपल्या मैदानावर महागात पडतो. आपल्याकडे लेफ्ट फील्डलाही पळणारा मुलगा हवा, आणि पेठेत फुटबॉल खेळलेली मुले इथे फार उपयोगी पडतात; चेंडू कुठे पडणार याचा अंदाज घेऊन आधीच धावायला सुरुवात करणे त्यांच्या पायांत मुरलेले असते. उंच उडालेला चेंडू ग्लव्हमध्ये घेणे त्यांना शिकवता येते. मंद पायांच्या मुलाला वेग शिकवता येत नाही.

कॅचरबद्दलही दोन शब्द जास्त सांगणे भाग आहे. तालमीत जोर-बैठका मारलेला मुलगा तासन्‌तास बैठकीत बसू शकतो, अंगावर चेंडू घ्यायला कचरत नाही, आणि होम प्लेटवर धावून येणाऱ्याला टॅग करताना (हातातला चेंडू लावून बाद करताना) डगमगत नाही. असा मुलगा संघात असेल आणि तो शहाणपणाने पिच मागू शकत असेल (पिचरने कसा चेंडू टाकावा हे सुचवू शकत असेल), तर त्याची बॅट कितीही चांगली असली तरी 'याला जरा सोप्या जागेवर ठेवू, म्हणजे दमणार नाही' असा मोह टाळावा. जिथे दुसरा कॅचर नाही तिथे पहिल्याला हलवणे म्हणजे एका जागेवरची दाटी सोडवताना दुसरीकडे खड्डा पाडणे होय. दुसरा कॅचर तयार करणे हेच काम आधी हाती घ्यावे, आणि त्यासाठी दाटीच्या जागेवरचा, शक्यतो ठेंगणा, चिवट आणि न घाबरणारा मुलगा निवडावा.

आता ही पद्धत एका काल्पनिक चौदा जणांच्या संघावर लावून पाहू. फर्स्ट बेसचे तीन दावेदार आहेत. पहिला उंच आणि डाव्या हाताने फेकणारा. दुसरा गावाकडे वेगवान गोलंदाजी करणारा, उजव्या हाताने जोरात फेकणारा, बॅटही चांगली. तिसरा धिप्पाड, पायाने मंद, हात कमजोर, पण चेंडू बॅटवर आला की दूर जातो. शॉर्टस्टॉपलाही तिघे: एकाचा हात आणि ग्लव्ह दोन्ही उत्तम, पण उंच चेंडू पाहिला की गोंधळतो, दुसरा संघातला सर्वांत वेगवान, ग्राउंडरवरही पहिल्याइतकाच किंवा कणभर सरस, तिसऱ्याचे हात मऊ, पण थ्रो तरंगत जाणारा. सेकंड बेसला एक खेळाडू आहे, जेमतेम. थर्ड आणि सेंटर रिकामे. डाव्या-उजव्या कोपऱ्यात (लेफ्ट आणि राइट फील्डला) नेहमीचे दोघे, कॅचर एक, आणि माउंडसाठी चौघे.

नेहमीच्या रीतीने निवड केली, तर शॉर्टस्टॉपला वेगवान मुलगा येईल, पहिला बसेल, आणि सेंटर फील्डला कोपऱ्यातला कोणीतरी ओढून आणावा लागेल. तक्त्याच्या रीतीने पाहिले तर वेगवान मुलाच्या ओळीत शॉर्टस्टॉप, सेकंड आणि सेंटर अशा तीन खुणा आहेत, आणि पहिल्याच्या ओळीत एकच. म्हणून पहिला शॉर्टस्टॉप, वेगवान मुलगा सेंटर फील्डला. मऊ हातांचा तिसरा सेकंड बेसला, कारण तिथून फर्स्टचे अंतर कमी असल्याने कमजोर थ्रो झाकला जातो आणि डबल प्लेच्या वेळी (एकाच चेंडूवर दोघांना बाद करताना) लागणारे झटपट हात त्याच्याकडे आहेत. त्याच्या येण्याने मोकळा झालेला जेमतेम सेकंड बेसमन दुसरा कॅचर म्हणून तयार करायचा. फर्स्ट बेसला डावखुरा राहील, कारण त्याला आउटफील्डखेरीज दुसरी वाट नाही आणि त्याच्या उंचीचा उपयोग इतर इनफील्डरांचे चुकलेले थ्रो वाचवण्यात होतो. गोलंदाज मुलगा थर्ड बेसला. धिप्पाड मुलगा डीएच, म्हणजे पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा. दुसरा कॅचर सोडला तर एकूण चार मुले हलली, आणि त्यातली प्रत्येक हालचाल अवघडाकडून सोप्याकडे झाली; फर्स्टवरून थर्डला जाणारा मुलगा तेवढा अपवाद आहे, आणि म्हणून सरावाचा सर्वाधिक वेळ त्याच्यावर खर्च करायला हवा.

तो वेळ कसा खर्च करावा? पावसाळ्यात आपल्या मैदानांवर चिखल असतो आणि सराव बंद ठेवण्याकडे कल असतो. नवी जागा शिकवण्यासाठी मात्र हेच दिवस चांगले. जिमखान्याच्या व्हरांड्यात किंवा सभागृहात मुलाला भिंतीपासून चार-पाच पावलांवर गुडघे वाकवून बसवावे आणि टेनिसचा चेंडू भिंतीवर असा मारावा, की तो त्याच्या पायांच्या अगदी पुढे टप्पा घेईल. ग्लव्ह घालू देऊ नये. ग्लव्ह नसला की हात आपोआप मऊ होतात, तळवा वर येतो आणि चेंडू अंगाकडे ओढून घेण्याची सवय लागते. पाऊस उघडल्यावर मैदानावर, कठीण बेसबॉलने, आधी थेट अंगावर येणारे, मग डाव्या बाजूचे, मग उजव्या बाजूचे ग्राउंडर द्यावेत. शेवटी बंट, म्हणजे बॅट नुसती पुढे धरून हळूच जवळ टाकलेला चेंडू. बंटवर थर्ड बेसमनला पुढे धावत येऊन, चेंडू उघड्या हाताने उचलून, धावता धावता फर्स्टकडे फेकावा लागतो. क्रिकेटमध्ये कव्हरला खेळलेल्या मुलाला हे चटकन जमते. कॅब्रेराच्या डोळ्याची गोष्ट आठवून सरावाआधी थर्ड बेसभोवतीचे खडे वेचावेत आणि जमीन दाताळ्याने सारखी करावी. हे काम त्या मुलाकडूनच करून घ्यावे, म्हणजे कुठे चेंडू उसळतो हे त्याला सामन्याआधीच माहीत होते.

पिचरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आपल्या संघांत पिचर माउंडवर नसेल त्या दिवशी दुसऱ्या जागेवर खेळतो, आणि स्पर्धेत सामने लागोपाठच्या दिवशी असतात. अशा वेळी त्याला कुठे ठेवायचे हे त्याच्या खांद्याकडे पाहून ठरवावे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही तिथली राष्ट्रीय संघटना यांनी मिळून तयार केलेल्या पिच स्मार्ट मार्गदर्शनात १७-१८ वर्षांच्या मुलासाठी एका दिवसात जास्तीत जास्त १०५ पिच सांगितले आहेत. ३० पर्यंत पिच टाकले तर दुसऱ्या दिवशी विश्रांतीची गरज नाही, ३१ ते ४५ साठी एक दिवस, ४६ ते ६० साठी दोन, ६१ ते ८० साठी तीन आणि त्यापुढे चार दिवस. त्याच मार्गदर्शनात पिचरने कॅचर म्हणूनही खेळू नये असे बजावले आहे, कारण कॅचरला प्रत्येक पिच परत फेकावा लागतो आणि खांद्याला उसंत मिळत नाही. म्हणजे दुसरा कॅचर नाही म्हणून पिचरलाच तिथे बसवण्याची आपल्याकडची सवय सोडून द्यावी. काल माउंडवर असलेल्या मुलाला आज फर्स्ट बेस किंवा डीएच. शॉर्टस्टॉप आणि थर्ड नको.

डीएच हा दाटीवरचा सर्वांत सोपा उपाय दिसतो, आणि म्हणूनच तो घाईने वापरला जातो. मेजर लीगच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगने हा नियम १९७३ मध्ये आणला आणि नॅशनल लीगने तो कायमचा २०२२ पासून स्वीकारला. डीएच पिचरच्या ऐवजी फलंदाजी करतो, दुसऱ्या कोणाच्याही ऐवजी नाही. सामना सुरू होण्याआधी त्याचे नाव दिले नसेल तर नंतर डीएच वापरता येत नाही. सामन्याच्या मध्यात डीएचला क्षेत्ररक्षणाला पाठवले तर उरलेल्या सामन्यासाठी डीएच संपतो आणि पिचरला फलंदाजीला यावे लागते. तीच गोष्ट माउंडवरचा पिचर दुसऱ्या जागेवर क्षेत्ररक्षणाला गेला तरी होते. आपल्याकडे ही दुसरी चूक वारंवार पाहायला मिळते: पाचव्या इनिंगला पिचर दमतो, प्रशिक्षक त्याला फर्स्ट बेसला नेतो, फर्स्ट बेसमनला माउंडवर आणतो, आणि धिप्पाड डीएच, ज्याच्यासाठी सगळी मांडणी केली होती, त्याच क्षणी फलंदाजीच्या यादीतून बाहेर पडतो. स्पर्धेच्या आयोजकांनी या नियमात काही बदल केला असेल तर तो सामन्याआधीच्या बैठकीत विचारून घ्यावा.

सॉफ्टबॉलमधून आलेल्या मुलांना आणि प्रशिक्षकांना आणखी एक गोष्ट बजावून सांगावी लागते. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातला खेळाडू बाहेर गेल्यावर एकदा परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपला. म्हणून राखीव खेळाडूंचा क्रम आधी ठरवावा. शेवटच्या दोन इनिंगमध्ये आघाडी असेल तर कमजोर क्षेत्ररक्षकाच्या जागी कोण, बरोबरी असताना मंद पायांचा मुलगा बेसवर पोचला तर त्याच्याऐवजी धावणारा कोण, हे कागदावर लिहून खिशात असावे. मेजर लीगच्या संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांत पिचर १३ पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, त्यामुळे बाकावर जेमतेम चार जण उरतात. म्हणून तिथे चार-पाच जागा सांभाळणाऱ्या खेळाडूला इतके मोल आहे. बेन झोब्रिस्ट इनफील्ड आणि आउटफील्ड दोन्हीकडे खेळायचा, आणि २०१६ च्या वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. २०२२ पासून गोल्ड ग्लव्हमध्ये अशा खेळाडूंसाठी वेगळा पुरस्कारही दिला जातो.

आता फलंदाजीचा क्रम. तो शेवटी घेण्याचे कारण असे, की त्याने वाटतो तितका फरक पडत नाही. क्रमात एक जागा खाली गेल्यावर खेळाडूची फलंदाजी साधारण नऊ सामन्यांत एकदा कमी होते, आणि मेजर लीगच्या १६२ सामन्यांच्या हंगामातही हा फरक अठराच्या आसपास राहतो. थर्ड बेसवर चुकीचा माणूस उभा राहिल्यास त्याहून जास्त धावा एका स्पर्धेत जातात. पहिल्या क्रमांकावर जो सर्वाधिक वेळा बेसवर पोचतो तो घ्यावा, केवळ पळतो म्हणून नाही. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर संघातले सर्वांत चांगले दोन फलंदाज ठेवावेत. उरलेले उतरत्या क्रमाने. नव्या जागेवर गेलेल्या मुलाला पहिल्या काही सामन्यांत क्रमात एक-दोन पायऱ्या खाली ठेवले तर मैदानावरची चूक डोक्यात घेऊन तो महत्त्वाच्या वेळी फलंदाजीला येत नाही, एवढी एक मुभा मी देतो.

मांडणी ठरली की ती सांगायची कशी, हा भाग पुस्तकांत नसतो आणि इथेच बहुतेक मांडण्या मोडतात. यादी सूचनाफलकावर लावून मोकळे होऊ नये. ज्या मुलाला हलवायचे आहे त्याला एकट्याला बाजूला घेऊन, इतरांना कळण्याआधी सांगावे. तो बहुधा म्हणतो, "सर, माझं काय चुकलं म्हणून मला थर्डला टाकलासा?" त्यावर 'संघासाठी त्याग कर' असे भाषण देऊ नये, त्याला तक्ता दाखवावा. "तुझ्या ओळीत खुणा बघ, आणि त्याच्या ओळीत बघ. तो थर्डला उभा राहिला तर चेंडू फर्स्टला पोचायचा नाही. तुझा पोचतो. म्हणून तू." एवढे पुरते. त्याच्या घरच्यांपर्यंत किंवा तालमीतल्या वडीलधाऱ्यांपर्यंत ही गोष्ट 'पोराला जागेवरनं काढलं' अशी पोचण्याची शक्यता असतेच, म्हणून बदलाची मुदतही सांगावी: चार सराव सामने, त्यानंतर पुन्हा बसून बोलू. आणि चार सामन्यांनंतर खरोखरच बसावे.

त्या चार सामन्यांत नोंद ठेवायची ती त्याच्याकडे आलेल्या चेंडूंची, त्याच्या नावावर नोंदलेल्या चुकांची नाही. स्कोअरबुकातली चूक फक्त तिथेच धरली जाते जिथे चेंडूपर्यंत तो पोचला. जिथे तो पोचलाच नाही आणि चेंडू त्याच्या डाव्या हाताला चार पावलांवरून निघून गेला, तिथे समोरच्याला हिट मिळते आणि त्याची पाटी कोरी राहते. म्हणून राखीव मुलांपैकी एकाला वही देऊन बसवावे आणि थर्ड बेसच्या बाजूने गेलेला प्रत्येक चेंडू अडवता आला असता का, एवढाच रकाना भरून घ्यावा. पोचण्यासारख्या चेंडूंपैकी बरेचसे निसटत असतील तर बदल मागे घ्यावा आणि थर्डसाठी शॉर्टस्टॉपच्या तिघांतला दुसरा विचारात घ्यावा, मग सेंटर फील्ड पुन्हा उघडे पडते आणि तक्त्यावर परत बसावे लागते. हे दोनदा करावे लागले तरी चालेल. स्पर्धेच्या पहिल्या सामन्याच्या सकाळी करू नये.

लाइनअप कार्ड भरताना आडनावांसोबत पाठीवरचा क्रमांक आणि जागेचा क्रमांक लिहावा, राखीव सर्वांची नावे खाली द्यावीत, आणि कार्ड पंचांकडे देण्याआधी दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे. नव्या मांडणीत जुन्या क्रमाची सवय असलेली मुले चुकून आपल्या जुन्या जागी फलंदाजीला जातात. समोरच्या संघाने पुढच्या फलंदाजाला पिच पडण्याआधी हरकत घेतली तर ज्याची पाळी होती तो खेळाडू बाद दिला जातो आणि चुकीच्या फलंदाजाने मिळवलेला फायदा रद्द होतो. म्हणून कार्डाची एक प्रत बाकाच्या टोकाला, बॅटा ठेवतो तिथे चिकटवावी आणि पुढच्या तिघांची नावे मोठ्याने पुकारण्याचे काम दुसऱ्या कॅचरकडे द्यावे. त्याला तसेही पूर्ण सामनाभर समोरच्या फलंदाजांवर नजर ठेवायची असते.